मांडीखालचा डावा हात

कीबोर्डचं यंत्र स्टँडवरून सरकून माझ्या मांडीवर आलं तेव्हा माझा डावा हात त्याच्या मागच्या कडेवरच होता. मीच ते ओढलं होतं. डावीकडच्या पट्ट्या माझ्या पोटात रुतल्या आणि आतला सगळा बँड एकदम सुरू झाला. ढोल, झांजा, पिपाण्या, आणि वरून बायका आ आ करून गात होत्या, त्याही आतल्याच. हात काढला तर यंत्र खाली पडलं असतं. धरून ठेवलं तर पट्ट्या आणखी दाबल्या जात आणि आवाज आणखी वाढे. नागपूरला बर्डीच्या बाजारातलं वाद्यांचं दुकान, दुपारची वेळ, गिऱ्हाईक भरपूर. गिटार पाहणारे, तबला ठोकून पाहणारे, सगळ्यांनी माना वळवल्या.

"सोड व, सोड!" आमच्या भजनी मंडळाच्या बाई ओरडल्या.

"सोडू नका मावशी, धरून ठेवा!" त्यांची सून ओरडली.

"आजी, हलू नका! बस, हलू नका!" दुकानदार काउंटरच्या फटीतून आडवा होऊन आला. त्याने यंत्राखाली दोन्ही हात घातले. पण माझा पदर यंत्राच्या कुठल्याशा बटणात अडकला होता, त्यामुळे यंत्र उचललं की पदरही जाई. शेवटी सुनेने वाकून भिंतीतली पिन उपटली. सगळं गप्प झालं. त्या शांततेत गिटारांजवळचा एक माणूस म्हणाला, "आजीनं तं ऑर्केस्ट्राच मांडीवर घेतला!" मग दुकान हसलं. बाईसुद्धा हसल्या, तोंडावर रुमाल धरून.

मी पदर सावरला आणि खाली पाहिलं. माझा डावा हात अजून वाकडाच होता, बोटं पुढे वळलेली. दुकानदाराने ते पाहिलं.

"पेटी वाजवता का आजी?"

"हो."

"मग हात मागं जातेच," तो म्हणाला. "तुमची गलती नाही."

तो चांगल्या मनाने बोलला. पण त्याने ते सगळ्यांसमोर सांगितलं. तोवर लोकांना वाटत होतं की म्हातारीला चक्कर आली असेल.

पेटीचा भाता मागच्या बाजूला असतो. उजवा हात पट्ट्यांवर चालतो आणि डावा मागे जाऊन भाता आपल्याकडे ओढत राहतो. हवा गेली नाही तर सूर निघत नाही, म्हणून डाव्या हाताला सुट्टी नसते. माझ्या सासऱ्यांकडे पेटी होती आणि त्यांच्या पोरांपैकी एकालाही गोडी नव्हती. सुनेला शिकवायचं म्हणजे तेव्हा बोलणी खायची, पण पेटी उंदरांनी खाण्यापेक्षा बरं म्हणून त्यांनी मला शिकवलं. मी चौथी शिकलेली. पेटीला वाचता यावं लागत नाही. तेव्हापासून आमच्या पवनारच्या महिला भजनी मंडळात पेटी मीच धरते. दुसरं कोणी धरावं असं कोणाच्या मनात आलं नाही आणि मी येऊ दिलं नाही.

यंत्र आणायचं खूळ केळझरहून आलं. तिथल्या गणपतीला आम्ही भजनाला गेलो होतो. आमच्या आधी देवळीकडचं एक मंडळ बसलं. त्यांच्याकडे कीबोर्ड होता. एक पोरगी उभी राहून वाजवत होती आणि त्या एकाच यंत्रातून ढोलकी, बासरी, तंबोरा सगळं निघत होतं. मंडप भरून गेला. नंतर आम्ही बसलो. माझी पेटी माझ्या शेजारच्या टाळकरणीलासुद्धा ऐकू येत नव्हती. परत येताना टेंपोत कोणी माझ्याकडे पाहून बोललं नाही, पण सगळ्या कीबोर्डविषयीच बोलत होत्या.

आमच्या मंडळाच्या अध्यक्षा म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीण. सगळा गाव त्यांना बाई म्हणतो, वयाने मोठी असून मीही म्हणते. त्यांचा थोरला मुलगा पुण्याला असतो. आईचं मंडळ पेटीवर अडलं हे त्याने फोनवर ऐकलं आणि म्हणाला, मी घेऊन देतो, पण खेळणं घेऊ नका, अरेंजर घ्या, म्हणजे मागचा ताल-बँड आपोआप वाजवणारा, भारीतला घ्या, आणि दोन-तीन वाजवून पाहून मगच घ्या. बाईंनी हे मंडळात सांगितलं. मग त्या मला म्हणाल्या, "पण तुले जमन का व थे?"

"काऊन नाई जमनार? पट्ट्या त्याच ना? काळ्या काळ्या, पांढऱ्या पांढऱ्या."

"नाई, मी आपलं विचारून राह्यली."

"विचारू नोका. वाजवनारी मी हावो. मीच पाहून घेईन."

हे मी सगळ्या बायकांसमोर बोलले. एक टाळकरीण म्हणाली, "होय माय, म्हातारपनी नवी नवरी." मी तिलाही उत्तर दिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नागपूरला आम्ही तिघी गेलो. मी, बाई आणि बाईंची धाकटी सून. ही सून अमरावतीला कॉलेजात असताना कीबोर्ड शिकलेली. ती मला मावशी म्हणते. तिला आणलं ते यंत्राची माहिती विचारायला, असं बाई म्हणाल्या. मी मनात म्हटलं, विचारू दे. बस वर्ध्याहून भरून आली होती तरी एका मुलीने उठून मला जागा दिली. मला आता तिकीट लागत नाही, कंडक्टरने आधारकार्ड पाहिलं आणि विचारलं, "कुठं चालल्या आजी?" मी मोठ्याने सांगितलं, "कीबोर्ड घ्यायले." पुढच्या बाकावरचा माणूस मागे वळून म्हणाला, "नातवासाठी?" मी म्हटलं, "माह्यासाठी." सेलू गेलं, केळझर गेलं, बुटीबोरी येईस्तोवर मी त्या माणसाला पेटीचा एकेक सूर समजावत होते. सून खिडकीतून बाहेर पाहत होती. आता वाटतं, तिला मला काही सांगायचं होतं आणि मी सांगायला जागा ठेवली नाही.

दुकानात शिरताना मी चपला बाहेर काढल्या. बाईंनाही काढायला लावल्या. वाद्यं आहेत, चपला घालून कसं जायचं? दुकानदार म्हणाला, "राहू द्या वो, फरशी खराबच आहे." आत सगळे बूट घालून होते. मी हळद-कुंकवाची पुडी नेली होती. ती सोडायला लागले तर बाईंनी माझं मनगट धरलं. "अजून आपला झाला नाई थो. कुंकू कशाले लावते दुसऱ्याच्या वस्तूले?" ते बरोबर होतं. मी पुडी परत कमरेला खोचली आणि नुसता हात जोडला. गिटारांजवळचा तो माणूस तेव्हापासूनच आमच्याकडे पाहत होता.

दुकानदाराने शेजारी शेजारी दोन यंत्रं लावली. एक लांब, जास्त पट्ट्यांचं, मधे टीव्हीसारखा पडदा. दुसरं जरा आखूड, पण अंगचे भोंगे मोठे, आणि त्याच्या पायथ्याशी शिलाई मशीनसारखं एक पायदान. सून लगेच विचारू लागली. ताल आपले आहेत का, की सगळे फॉरेनचे? नवे ताल पेन ड्राइव्हने टाकता येतात का? सूर बदलायचा झाला तर एका बटणात बदलतो का? भजनात मधेच थांबावं लागतं, तर ताल थांबवून पुन्हा तिथूनच सुरू होतो का? दुकानदार आनंदाने सांगत होता. मला त्यातलं निम्मं समजलं. तिचे प्रश्न नेमके मंडळाच्या कामाचे होते, एवढं मात्र समजलं.

"वाजवनार कोन?" त्याने विचारलं.

"मी," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग लांब यंत्राजवळ स्टूल ओढलं. "बसा आजी. पाहा, इकडून इथपर्यंत डावा हात. डाव्यानं तीन पट्ट्या धरल्या की मागं सगळा बँड लागते. सोडलं तरी चालूच राह्यते. उजव्यानं आपलं गानं."

"अन् हवा?"

"हवा नाई लागत आजी. लाइट लागते."

मी हसले, कारण बाकीचे हसले. त्याने पेटीचा आवाज लावून दिला. मी उजव्या हाताने एक अभंग धरला. आवाज पेटीचाच होता, अगदी खरा, पण बोट ठेवलं की तो पुरा निघे आणि बोट उचललं की पुरा बंद. मी डोळे मिटले. डोळे मिटायची मला सवय आहे. मिटले नसते तर कदाचित काही झालं नसतं. उजव्या हाताला पेटीचा सूर मिळाला आणि डाव्याने त्याचं काम सुरू केलं. तो मागे गेला, कड सापडली, त्याने ओढलं. पुढचं सांगितलंच आहे.

दुकानदाराने यंत्र पुसून परत स्टँडवर ठेवलं. काही मोडलं नव्हतं. त्याने पिन लावली, दोन पट्ट्या वाजवून पाहिल्या, मग दुसऱ्या यंत्राकडे वळला. स्टूल तिकडे सरकवलं. तेव्हा त्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला. त्याच्या मनात काही नव्हतं, गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं.

"मग वाजवनार कोन?"

बाई माझ्याकडे पाहत होत्या. सूनही. गिटारांजवळचा माणूस गेला नव्हता. मला फक्त पुन्हा बसायचं होतं. पहिल्या खेपेला कोणाचाही हात चुकतो. दुकानदार माझा डावा हात धरून पट्ट्यांवर ठेवायलाही तयार झाला असता, तसा माणूस होता तो. मी सुनेकडे बोट केलं.

"ही."

"मावशी, तुम्ही पाहा ना अजून एकदा," ती म्हणाली.

"माह्यं पाहून झालं. बस तू."

ती बसली. माझ्या हातून पेटी कोणी ओढून घेतली नाही. बाईंनी काढली नाही, मंडळाने काढली नाही. दुकानातली अनोळखी माणसं हसली म्हणून मी ती देऊन टाकली. बसमध्ये एवढं बोलून आलेली मी एका शब्दात उठले. मी काउंटरला टेकून उभी राहिले आणि पदराच्या जरीचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत राहिले.

सुनेने डाव्या हाताने तीन पट्ट्या धरल्या. ढोलकी लागली, मागून तंबोरा आला. तिने उजव्याने आमच्याच मंडळाचं एक भजन धरलं, मी पेटीवर वाजवते तेच. ती दर आठवड्याला मागे बसून ऐकत असणार. पायदानावर पाय ठेवून ती आवाज फुगवत होती, कमी करत होती. म्हणजे माझ्या डाव्या हाताचं काम या यंत्रात पायाकडे दिलं होतं. मी खोट काढायला कान लावून होते. ढोलकीत काढावी म्हटलं तर ढोलकी चांगली होती. पेटीच्या आवाजात काढावी तर तोही पहिल्यापेक्षा मऊ. निघाली नाही. मग तिने पहिलं यंत्रही वाजवलं. तेही चांगलंच होतं. त्यात सुनेला लागणाऱ्या गोष्टी जास्त होत्या असं ती म्हणाली, पडदा मोठा, ताल जास्त.

बाईंनी मला बाजूला घेतलं. "सांग व, कोनता घ्यायचा? तुह्या कानावर माहा भरोसा आहे."

"आखूड घ्या."

"काऊन? सून तं लांबवाला म्हनते."

"भोंगे मोठे आहेत त्याचे. मंडपात ऐकू येईल."

भोंगे मोठे होतेच. सुनेनेही मान डोलावली आणि आखूड ठरला. परतीच्या बसमध्ये बुटीबोरी मागे पडल्यावर मला ते पोटात ठेववेना. मी बाईंना म्हटलं, "मी लांबवाल्याले नाई म्हटलं, कारन थो माह्या मांडीवर पडला. गावात रोज त्याचं तोंड पाहाले नोको."

"मले मालूम आहे," बाई म्हणाल्या. "तुह्या तोंडावर लिहून होतं." मग त्यांना दुकानातलं आठवलं आणि त्या पुन्हा रुमालात हसू लागल्या. सून पुढच्या बाकावर होती, तिचेही खांदे हलत होते. मी केळझर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले.

यंत्र गावात आलं तेव्हा कुंकू मीच लावलं. सून वाजवू लागली. मी टाळ घेऊन मागे बसले. भजन सुधारलं, खोटं कशाला बोलू? बायका पूर्वी मधेच ढेपाळत, आता ढोलकी त्यांना ओढून नेते. देवळातल्या लोकांनी वाहवा केली. दोन-तीन जणींनी विचारलं, "तू काऊन नाई वाजवत?" मी म्हणे, हात दुखतो. दुकानातली गोष्ट तोवर सगळ्यांना कळलेली होती, तरी त्या विचारत आणि मी तेच सांगे.

मग एकदा सुनेनेच गाऱ्हाणं घातलं. सासूला म्हणाली, मला डाव्या हाताचे कॉर्ड येतात, पण जुन्या चाली पुऱ्या येत नाहीत, उजवीकडे मावशींना बसवा. बाईंनी हुकूमच काढला. त्या शाळेत असल्यासारखंच बोलतात. एका बाकावर आम्ही दोघी बसलो, तिच्याकडे डावी बाजू, माझ्याकडे उजवी. भजन सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला माझा डावा हात तिच्या दंडावरून पलीकडे गेला. तिने कोपराने यंत्र दाबून धरलं आणि ओरडली, "धरा वो, धरा मावशीले!" भजन तिथेच बसलं. बायका देवळाच्या ओट्यावर लोळून हसल्या. एक तर पाणी मागू लागली.

तेव्हापासून मी डावा हात मांडीखाली दाबून बसते. भजन रंगात आलं की तो खालून वळवळतो, मांडीला कळतं. उजव्या हाताने मी सूर वाजवते, डावीकडून ती बँड वाजवते. पूर्वी मंडळाला एक पेटीवाली होती, आता दोन अर्ध्या आहेत. मला हे आवडत नाही. पण उठूनही जाववत नाही. दुकानात एकदा उठून पाहिलं आहे.

यंदा पुन्हा केळझरला गेलो. भजन झाल्यावर देवळीकडच्या त्या मंडळातली एक बाई प्रसाद घ्यायला आमच्यात आली. मी अजून बाकावरच होते, हात मांडीखालीच. तिने माझ्याकडे पाहिलं आणि बाईंना हळूच विचारलं, पण मला ऐकू आलं.

"आजीले लकवा मारला का वो? एकाच हातानं वाजवते."

"हो ना," बाई म्हणाल्या. "थोडं वारं गेलं अंगावरून." माझी लाज राखायला म्हणाल्या.

मी हात मांडीखालून काढला. त्याला मुंग्या आल्या होत्या. मी तो तिच्यासमोर धरला, पाचही बोटं हलवून दाखवली.

"लकवा नाई. हात धड आहे. मी नागपूरच्या दुकानात अख्खं यंत्र मांडीवर ओढलं याच हातानं. म्हनून दाबून ठेवते."

तिला आधी खरं वाटेना. मग ती हसली, पोट धरून हसली, तिच्या मंडळातल्या बायकांना हाका मारून बोलावलं आणि मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. त्यांच्यातल्या एकीने विचारलं, "मग आवाज कसा आला वो, यंत्र मांडीवर असताना?" मी तोही सांगितला, ढोल, पिपाण्या, आ आ करणाऱ्या बायका. माझे कान तापले होते. सून शेजारी वायर गुंडाळत होती, तिने वर पाहिलं नाही.

त्या गेल्यावर बाई म्हणाल्या, "कशाले सांगितलं व? मी झाकलं होतं ना."

सून यंत्र पेटाऱ्यात ठेवू लागली तेव्हा मी दुसऱ्या बाजूने धरलं, दोन्ही हातांनी. लकवा झालेली म्हातारी केळझरला कोणी आली नव्हती. नागपूरच्या दुकानात यंत्र मांडीवर घेऊन बसली होती ती मी, आणि वाजवणार कोण असं विचारल्यावर जिने सुनेकडे बोट दाखवलं तीही मीच.